चार खोल्यांचं घर

गाणं थांबलं की आण्णा यायचे.

आपल्या बेदाण्याच्या शेडच्या पार टोकाला, वजनकाट्याजवळ त्यांची खाट असायची. डोळ्यांवर टोपी ओढून ते असे पडलेले असायचे, की बघणाऱ्याला वाटावं गाढ झोप लागलीय. पण इकडं ताडपत्रीभोवती बसलेल्या बायकांचं गाणं जरा अडखळलं, की टोपी वर व्हायची, पायांत चपला सरकायच्या, आणि आण्णा कमरेवर हात ठेवून समोर उभे.

"काय गं, गळे बसले का गाल भरले?"

"पाणी प्याली मी आण्णा," छबूमावशी म्हणायची.

"मग आ कर बघू."

छबूमावशी खरंच मोठा आ करायची, जीभ बाहेर काढून दाखवायची. बाकीच्या हसून हसून बेदाण्यावर पडायच्या.

बेदाणा निवडायला बसलेल्या बाईनं गायचं, ही आण्णांची अट होती. तोंड गाण्यात असलं की बेदाणा तोंडात जात नाही, असा त्यांचा हिशेब. आमच्या वाडीत द्राक्षांची रानं पुष्कळ आणि बेदाण्याची शेडंही पुष्कळ, पण गाणारं शेड एकच. फाल्गुनात तिथं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओव्या चालायच्या. रामसीतेच्या झाल्या की भावाच्या, भावाच्या सरल्या की लेकीच्या. माझी आई हौसाबाई पुढं म्हणायची आणि बाकीच्या झील धरायच्या. शाळा सुटली की मीही दप्तर खांबाला अडकवून आईच्या मांडीला मांडी लावून बसायचे. काडी मोडायची, काळपट दाणा उजव्या हाताला सारायचा, पिवळाधमक डाव्या हाताला. बोटं आपली आपण चालायची. गळाही.

शेडच्या मागच्या अंगाला एक भिंत होती, आणि भिंतीपलीकडं आमचं हायस्कूल. मी तिथं दहावीला होते. आण्णांची वैजयंता, आमची वैजू, तीही दहावीलाच. वाडीतून त्या वर्षी दहावीला पोचलेल्या मुली आम्ही दोघीच. बाकीच्यांची लग्नं झाली होती किंवा व्हायच्या बेतात होती.

वैजू हुशार. नुसती हुशार नव्हे, पुस्तक वाचताना तिच्या नाकपुड्या हलायच्या, जेवणाचा वास आल्यासारख्या. आणि मी? मला वाचलेलं काही म्हणजे काही राहायचं नाही. गणितात मी कशीबशी तरले असते, भाषांची तर भीतीच नव्हती, पण विज्ञानात बुडणार हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वैजूला माहीत होतं.

कारण माझ्या बुडण्यात तिचं बुडणं होतं.

"तालुक्याला कॉलेजात जायचंय व्हय?" आण्णा तिला म्हणाले होते. "जा की. पण एकटीनं येष्टीनं जायचं न्हाई. सोबत असली तर धाडतो. हौसाक्काची शेवंता पास झाली तर दोघी जावा. न्हाईतर घर हाय, शेड हाय, आणि स्थळंबी याय लागल्यात."

आण्णा वाईट नव्हते. वाडीतल्या कुठल्याही बापानं हेच सांगितलं असतं. पण त्या दिवसापासून मी पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी मला वैजूचं तोंड दिसायचं, आणि जे थोडंफार कळायचं तेही पळून जायचं.

"उजवं अलिंद," वैजू द्राक्षाच्या मांडवाखाली काटकीनं मातीत हृदयाचं चित्र काढायची. "अशुद्ध रक्त कुठं येतं?"

"डाव्या..."

"शेवे!"

"उजव्या, उजव्या. पण चित्रात तर ते डाव्या अंगाला हाय."

"चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा हाय, म्हणून!"

"मग त्याला म्हणावं वळ की जरा."

वैजूनं काटकी फेकून दिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला काही सुचेना, म्हणून मी आपली सवयीनं गुणगुणायला लागले. आदल्या दिवशी शेजारच्या वस्तीवर लग्नात ऐकलेलं गाणं, मोठं लांबलचक, नवरीच्या दागिन्यांचं. पायातल्या जोडव्यापासून भांगातल्या बिंदीपर्यंत.

वैजू माझ्याकडं बघत राहिली.

"हे कधी शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? काल ऐकलं."

"एकदा?"

"एकदाच म्हटलं त्यांनी. नवरीला उशीर होत हुता."

वैजू उठली. मांडवाखाली इकडून तिकडं चालली. मग माझ्यापुढं उकिडवी बसून अगदी हळू आवाजात म्हणाली, "शेवे, आपला नंबर कुठं येणार? भिंतीकडच्या वर्गात. भिंतीपलीकडं काय?"

"शेड."

"शेडमध्ये काय चालतं? दिवसभर?"

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"ही कॉपी झाली, वैजे!"

"कसली कॉपी? चिठ्ठी न्हाई, पुस्तक न्हाई, बाहीत काही न्हाई. हवेतनं गाणं येतंय. ऐकू आलं तर आपण काय कान कापून ठेवायचे?"

कॉपी आम्हाला नवी नव्हती. दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या मागं बाभळीवर पोरं चढलेली असायची, दगडाला गुंडाळून चिठ्ठ्या आत पडायच्या. एखाद्याच्या चुलत्याची चिठ्ठी भलत्याच्याच डोक्यात बसायची. ते सगळं आम्हाला घाणेरडं वाटायचं. गाण्याचं तसं वाटलं नाही. गाण्याला कोण पकडणार?

दुसऱ्या दिवशी वैजू शेडात येऊन बायकांमध्ये बसली. मालकाची लेक ताडपत्रीवर बसलेली बघून सगळ्या सावरून बसल्या.

"मावशी," ती आईला म्हणाली, "एक नवी ओवी बांधायचीय. शाळेतली."

"शाळंतली? कुठल्या देवाची?"

"देवाची न्हाई. काळजाची. काळीज म्हणजे चार खोल्यांचं घर असतं. वरच्या दोन खोल्यांना म्हणायचं अलिंद, खालच्या दोन निलय."

"खोलीला खोलीच म्हण की गं," छबूमावशी म्हणाली.

"पेपरात अलिंद लिहावं लागतं."

"बरं बाई. मग?"

"मग सगळ्या अंगातलं काळपटलेलं रक्त नीला घेऊन येते. उजव्या अलिंदात."

"कुणाची ही नीला?"

वैजूला हसू आवरेना. "मावशी, नीला म्हणजे रक्ताची नळी. घराकडं येणारी ती नीला, आणि घरातनं बाहेर जाणारी ती रोहिणी."

आईचा हात थांबला. तिनं मान वर केली. "म्हंजी एक माहेरी येती आणि एक सासरी जाती."

आईनं पुढं विचारलं, "माहेरी येताना काळी पडल्याली असती. आन् जाताना?"

"लाल. फुप्फुसात जाऊन वारा पिते, शुद्ध होते, मग जाते."

"म्हंजी नीलाचीच रोहिणी झाली की," छबूमावशी म्हणाली. "लग्नात नाव बदललं आसंल."

मग काय, शेड पेटलंच. कुणी अलिंदाला ओसरी म्हणालं, कुणी निलयाला माजघर. वैजू प्रत्येकीला पुन्हा पुन्हा मूळ नावावर आणायची. झडपेचं दार एकाच अंगाला उघडतं हे ऐकून एकीनं सुस्कारा टाकला, "आमच्या सासूच्या घराचं बी तसंच हुतं बाई." दिवस कलेपर्यंत ओव्या बांधून झाल्या. आई चाल लावत होती, मी शब्द बसवत होते, वैजू तपासत होती:

दमली भागली नीला, काळी पडली वाटेनं
उजव्या अलिंदात आली, माहेराच्या गं ओढीनं

अलिंदाखाली निलय, मधी झडपेचं दार
पुढं ढकलितं लेकीला, मागं न्हाई गं माघार

उजव्या निलयातून, गेली फुप्फुसाच्या दारी
वारा पिऊन पोटभर, लाल झाली लेक सारी

डाव्या अलिंदी उतरे, डाव्या निलयी जेवते
जाड त्याच्या गं भिंती, तिथनं पाठवणी होते

महारोहिणी निघाली, भरल्या वटीनं सासरी
पायाच्या नखापातुर, पोचती करी शिदोरी

हृदयाच्या मागून आम्लाची ओवी आली, निळा लिटमस कागद लाल करणारी. ती बायकांना रंगपंचमीसारखी वाटली. आरशाची आली, लोखंडाच्या गंजाची आली. आण्णा खाटेवरून ऐकायचे आणि टोपीखाली खूश व्हायचे. गाणं थांबत नव्हतं ना, मग ते रामाचं का लिटमसचं, त्यांना फरक नव्हता.

एकदा मात्र आईनं काडी मोडता मोडता वैजूला विचारलं, "परीक्षेदिवशी बी हेच गायचं व्हय?"

"म्हणजे... गायलात तर बरं," वैजू मान खाली घालून म्हणाली.

आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पुढची ओवी उचलली.

विज्ञानाच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी शेडात गेले, तर आईचं काही खरं नव्हतं. सारखी चुकत होती. उजव्या निलयातनं नीलाला तिनं थेट डाव्या अलिंदात नेऊन बसवलं.

"आई, फुप्फुस राहिलं!"

"व्हय गं, राहिलंच की."

परत म्हटलं तर पाठवणी उजव्या निलयातनं.

"आगं, डाव्या! जाड भिंतीच्या! उजव्यातनं पाठवलीस तर काळीच जाईल ना ती सासरी? लाल कुठं झालीय अजून?"

"खरंच की. ध्यान न्हाई बग आज." आणि लगेच आम्लानं लाल कागद निळा केला.

मी वैतागले. "आई, आज तुला झालंय तरी काय? उद्या असं करू नकोस बाई, माझ्या पाया पड... म्हणजे मी तुझ्या पाया पडते!"

छबूमावशी फिसकन हसली. आईनं शांतपणे पिवळा दाणा डाव्या हाताला सारला.

सकाळी देवाला नमस्कार करून आम्ही वर्गात जाऊन बसलो. खिडकी उघडी होती, भिंत समोर होती, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या गोडसर वासानं वर्ग भरला होता. माझ्या मागच्या बाकावर, जरा तिरकी वैजू. पर्यवेक्षणाला बाहेरगावच्या मगदूम मॅडम आल्या होत्या. उंच, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी आल्या आल्या मुलांचे खिसे, मोजे, पट्ट्यांच्या आतली बाजू बघितली. पलीकडच्या बाभळीवरची पोरं नुसत्या नजरेनं उतरवली. गेटात भरारी पथकाची जीपही उभी होती.

पेपर हातात आला. मी घाईनं खाली बघत गेले. होता. आकृती काढून हृदयाचं कार्य स्पष्ट करा. आम्ल होतं. गंजही होता. मी पेन धरलं आणि कान भिंतीकडं लावला.

भिंतीपलीकडून काही आलं नाही.

अजून बसल्या नसतील. पाणी भरत असतील. मी वाट बघितली. एक कावळा ओरडला. कुणाचा तरी बाक करकरला. शेड मुकं. सगळा फाल्गुन ज्या शेडातनं गाणं थांबलं नव्हतं, ते शेड आज मुकं! मागं बघितलं तर वैजूचा चेहरा पांढराफटक. तिचं पेन उघडलेलंसुद्धा नव्हतं.

माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. मी बुडाले, आणि माझ्या हाताला धरून वैजू बुडाली.

पेन ठेवून मी बाकावर हात पसरले. काय करू ते कळत नव्हतं. बाकावर पेन्सिलीच्या टोकांचा कचरा पडला होता, माझी बोटं तो उगाच चिवडायला लागली. काडी मोडायची. काळपट उजव्या हाताला. पिवळा डाव्या हाताला. काळपट उजव्या हाताला...

काळं उजवीकडं.

मी थांबले. परत बोटं चालवली. काळं उजवीकडं, चांगलं डावीकडं. दमली भागली नीला, काळी पडली वाटेनं. उजव्या अलिंदात. हो, उजव्याच! ओठ मिटलेले होते, पण आत आई गायला लागली होती. आत छबूमावशीनं झील धरली होती. मी पेन उचललं.

चार खोल्या काढल्या. दारं काढली. मग ओवीमागून ओवी, जशी गळ्यात येईल तशी सरळ करून कागदावर उतरवत गेले. नीला आली, झडप लागली, वारा प्याली, लाल झाली. कुठं चुकायला आलं की कालची आई मध्ये यायची आणि मी तिला दटावायचे: फुप्फुस राहिलं, आई! आम्ल आलं, रंगपंचमी झाली. मला वर्गाचं भान राहिलं नाही. मला वाटतं मी हसत होते.

आणि तेवढ्यात मागून अगदी बारीक, चिरका आवाज आला.

"...मधी झडपेचं दार, पुढं ढकलितं लेकीला..."

वैजू! तिला गाता येत नसे. आयुष्यात कधी सूर लागला नव्हता तिचा. मी अडलेय असं समजून ती बिचारी मला ऐकू जावं म्हणून गुणगुणत होती.

"कोण ते?" मगदूम मॅडमचा आवाज कडाडला.

वैजू उभी राहिली.

"गाणं म्हणत होतीस?"

"भीती... भीती वाटली की गाते मी, मॅडम."

"भीती वाटली की माणूस देवाचं नाव घेतो. तू झडपांचं घेतेस?"

वर्ग हसला. मॅडमनी तिचा पेपर उचलला, तिला अगदी पुढं, फळ्याजवळच्या रिकाम्या बाकावर नेलं आणि पेपर आपल्या टेबलावर ठेवून दिला. "जरा बसून राहा. भीती गेली की देते."

वैजू हात बांधून बसली. मग मॅडम बाकांमधून चालत माझ्यामागं येऊन थांबल्या. बराच वेळ थांबल्या. त्यांच्या साडीच्या खळीचा वास मला येत होता. मी लिहीत राहिले. न लिहून करणार काय? ओवी मध्येच सोडता येत नाही.

घंटा झाली. "तुम्ही दोघी थांबा," मॅडम म्हणाल्या.

व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून उभ्या. गेटात जीपचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं आता आम्हाला त्यातच घालणार.

"ही गुणगुणत होती ते तुझ्यासाठी," मॅडम मला म्हणाल्या. "आणि तू ते केव्हाच लिहून पुढं गेली होतीस. ती दारापाशी होती, तेव्हा तू सासरी पोचली होतीस. हे काय प्रकरण आहे?"

वैजूला रडू फुटलं. हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. येष्टी, आण्णा, सोबत. "ती नापास झाली तर मलाबी घरी बसवतील, मॅडम. मला एकटीनं पास होऊन काय करायचंय?"

मॅडमनी चष्मा काढला. "इतकी वर्षं पोरं पकडतेय. कुणी बापाला भिऊन करतं, कुणी मित्रांत मागं पडू नये म्हणून. एक तर म्हणाला, सगळे करतात, मी नाही केलं तर मलाच वेडा म्हणतील. पण स्वतः हुशार असून सोबतीसाठी करणारी..." त्या माझ्याकडं वळल्या. "तू सांग. हृदयाचं कार्य. आत्ता, माझ्यासमोर."

मी तोंड उघडलं. एक शब्द येईना.

"मॅडम, मला नुसतं सांगता न्हाई येत."

"मग?"

"गाऊन येतं."

"गा."

मी डोळे मिटले आणि पहिली ओवी उचलली. दमली भागली नीला. व्हरांडा घुमला. दुसरी ओवी उचलली आणि भिंतीपलीकडून, सकाळपासून मुक्या असलेल्या त्या शेडातून, एकदम साऱ्या बायकांनी झील धरली. मागं न्हाई गं माघार! अशा मोठ्यानं, की गेटातल्या जीपमधले साहेब मान काढून बघायला लागले. हृदय संपलं तर त्यांनी आपणहून आम्ल घेतलं. आम्ल संपलं तर गंज. अख्खा पेपर भिंतीवरून धो धो वाहत आला.

मगदूम मॅडम ऐकत राहिल्या. एक पाय ताल धरत होता, त्यांच्या लक्षात नव्हतं.

"हे सगळं पेपर चालू असताना का नाही गायल्या?"

"त्याच तर गाणार होत्या..." वैजू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मॅडमच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं ते थांबेना. डोळे पुसत म्हणाल्या, "ठरवलं, पण घडलं नाही. न घडलेल्याला शिक्षा माझ्याकडं नाही. तू गुणगुणलीस, त्याची तुला मिळाली, पेपर अर्धवट राहिला. आणि तू गं," मला म्हणाल्या, "तू उत्तरात 'पाठवणी होते' असं लिहिलंयस. तपासणारा बाप्या असला तर डोकं खाजवील. बाई असली तर पुरे मार्क देईल. पळा आता."

आम्ही पळालो. भिंतीला वळसा घालून, धापा टाकत शेडात.

"आई! का गायली न्हाईस?"

उत्तर दिलं ते छबूमावशीनं. पेपरची घंटा झाल्या झाल्या आईनं सगळ्यांना हातानं गप्प केलं होतं. पण गाणं थांबलं म्हणजे आण्णा येणार, आणि तोंड भरलंय म्हणणार. म्हणून आईनं आपला पदर दातात धरला आणि बाकीच्यांना तसंच करायला लावलं. गाणं थांबलं तसे आण्णा आलेच तरातरा. बघतात तर ओळीनं बसलेल्या सगळ्या बायकांच्या दातात पदर, आणि हात चाललेले.

"तुझ्या आईनं नुसतं बोट केलं भिंतीकडं, शाळंकडं," छबूमावशी सांगत होती. "मालकांनी चपला काढल्या गं! हातात घेतल्या, आन् मांजरावानी चवड्यावर चालत बाहीर गेले. तवापासनं फाटकात उभं हुतं. ट्रॅक्टर आला त्योबी वड्यापलीकडं थांबवला."

आण्णा फाटकातून आत येत होते. चपला अजून हातातच होत्या.

"पण का, आई?" मी विचारलं. "मी किती घाबरले! वैजू तर पकडली गेली!"

आईनं वैजूला जवळ ओढलं, तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं. दातांच्या खुणा पडलेल्या, ओल्या पदरानं. मग माझ्याकडं बघितलं.

"काल मी किती वेळा चुकले?"

"लई वेळा."

"तू एकदा तरी चुकू दिलंस?"

मी वाकून ताडपत्रीवरचा एक काळपट दाणा उजवीकडं सारला.

"तुला येत हुतं गं," आई म्हणाली. "मग मी गायले असते तर तुला आयुष्यभर वाटलं असतं, आईनं गायलं म्हणून आलं."

मग आण्णा खाकरले. खाली वाकून त्यांनी पिवळ्याधमक बेदाण्याची भली मोठी ओंजळ भरली आणि ताडपत्रीच्या मधोमध धरली. "खावा," म्हणाले. "आज गायचं न्हाई."

छबूमावशीनं आधी आ केला.

निकाल जूनमध्ये लागला. विज्ञानात मला वैजूपेक्षा जास्त मार्क पडले. आण्णांनी ते पारावर ज्याला त्याला सांगितलं, "माझ्या पोरीला शेवंताची सोबत मिळाली म्हणून बरं," आणि वैजू दर वेळी मला कोपर मारायची. पहिल्या दिवशी येष्टीत आम्ही खिडकीशी एकमेकींना चिकटून बसलो. आईनं फडक्यात बांधून दिलेली पुडी मांडीवर होती. वाडी मागं पडली, द्राक्षांचे मांडव मागं पडले, आणि रस्ता तालुक्याकडं वळला तसा वैजूचा हात माझ्या हातात आला. गार पडला होता.

"शेवे," ती म्हणाली, "भीती वाटतेय. गा की."

मी मानेनंच नाही म्हटलं. तोंडात बेदाणा होता.